कॉस्टिकच्या बाटलीचं बूच

१

मंजुळाबाईचं पत्र येऊन पंधरवडा उलटला, तरी भागवत मास्तरांनी उत्तर धाडलं नव्हतं. लिहायला बसत नव्हते असं नाही. 'सौ. मंजुळाबाईस आशीर्वाद' एवढं लिहीत, पेनाचं टोपण लावीत, पुन्हा काढीत, आणि शेवटी उठून पुस्तकांच्या कपाटापाशी जाऊन उभे राहत. जन्मभर चिंचवडच्या शाळेत शास्त्र शिकवलेल्या माणसाला एका प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं.

पत्र चाळीत टपाल वाटणाऱ्या पोस्टमननं बाईच्या तोंडून ऐकून लिहिलेलं होतं.

'मास्तर, मालकाचे डोळे गेले. कंपनी म्हणती चूक त्यांची. आता तेबी म्हणत्यात, माझीच आसंल. भिंतीवर डोस्कं आपटून घेत्यात. बुचाचं तुमीच शिकवलं व्हतं न्हवं? मग तुमीच सांगा, चूक त्यांची व्हती का न्हवती. एक शबूद लिवला तरी पुरं.'

ज्योतीराम मस्के बीडकडचा. पिंपरीच्या एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमधल्या बाटल्या धुणं, भरणं, लागेल ती काढून देणं, हे त्याचं काम. कारखान्यात खंडेनवमीची पूजा झाली, दसरा झाला, आणि त्याला जोडून यंत्रांच्या देखभालीसाठी आठवडाभर काम बंद राहिलं. पुन्हा भोंगा वाजला त्या सकाळी ज्योतीरामकडे कॉस्टिक सोड्याची बाटली मागितली गेली. बाटलीचं बूच निघेना. त्यानं गरम फडक्यानं बाटलीची मान शेकली, बूच पिळलं, आणि मान फुटून आतलं दाट पाणी त्याच्या तोंडावर उडालं. दोन्ही डोळे गेले.

फुटक्या मानेत बूच सापडलं ते काचेचं. तिथे असायला हवं होतं रबराचं.

मास्तर कामगार कल्याण केंद्रात संध्याकाळचा वर्ग घेत. चाळिशीतले बाप्ये पाटी घेऊन यायचे. लॅबमधल्या लोकांना ते बुचं टेबलावर मांडून दाखवायचे. झाडाच्या सालीचं बूच तेलाला आणि स्पिरिटला. बुरशी वाढवायच्या नळीला कापसाचा बोळा, म्हणजे हवा आत जाते आणि जंतू बाहेर राहतात. आणि मग सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचे, "आम्लाला काच, क्षाराला रबर!" कारण जहाल आम्लं रबर खातात आणि कॉस्टिक काच खातो. काचेचं बूच घासून मानेत चपखल बसवलेलं असतं. त्या फटीत कॉस्टिक शिरला आणि बाटली नुसती पडून राहिली, की बूच आणि मान एकजीव होतात.

हे आपण सांगितलं होतं ना? की एखाद्या दमलेल्या संध्याकाळी उलटं सांगून बसलो? मास्तर रोज स्वतःला हेच विचारत.

"अहो, दोष त्याचा नाही असं वाटतंय ना तुम्हाला?" वासंतीबाई पलंगावरून म्हणाल्या. मोरीत घसरून त्यांचा घोटा मुरगळला होता आणि जिभेला दुप्पट धार आली होती. "मग लिहा की तसं."

"वाटणं म्हणजे पुरावा नव्हे."

"मग उठा आणि पुरावा शोधा! का तोही टपालानं येणार आहे?"

तेवढ्यात दारात सावली पडली. मंजुळाबाई उभी होती. बस म्हटलं तर बसली नाही.

"सोमवारी हापिसात सायेबलोक कागद पुढं ठिवनार हायेत," ती म्हणाली. "माज्या हलगर्जीनं झालं, आसं लिवल्यालं. त्याच्यावर त्यांचा अंगठा घेनार. मास्तर, तुमी त्यांना सही शिकवली. मोटेपनी शिकले, तर घरभर नाव गिरवत बसायचे. आता सही दिसंना, म्हनून अंगठा!" तिनं पदर खोचला. "तुमच्या उत्तराची वाट बगून बगून आले. न्हाई द्यायचं तर न्हाई म्हना. पर गप बसू नगा!"

आणि ती गेली. मास्तरांच्या हातात पेन तसंच राहिलं.

२

शुक्रवारी सकाळी मास्तर कारखान्याच्या फाटकापाशी येऊन दोनदा मागे फिरले. मग अंगठ्याचा विचार मनात आला आणि ते आत शिरले.

कारखान्याचे मॅनेजर अर्जुनराव गव्हाणे भोसरीचे. तापट, पण मोकळा माणूस. "मास्तर, तुम्ही? बसा, बसा. ज्योतीरामचं ना? वाईट झालं. पण काय करू? मला शेटना जबाब द्यायचाय. बूच त्याच्या ताब्यातलं. कोणालाही विचारा, माझी ना नाही. सोमवारी मात्र प्रकरण मिटवायचंय."

त्यांच्या खुर्चीमागे पूजेचा फोटो नवाच टांगलेला होता, कृष्णधवल, चांगला हातभर रुंद. मधोमध हातात तबक घेतलेल्या शेटाणीबाई. त्यांच्या बाजूला कोट घातलेले चीफ केमिस्ट प्रभाकर सबनीस. पुढे टेबलावर एकाच घडणीच्या बाटल्यांची रांग, तिच्यावर आडवी सोडलेली झेंडूची माळ. माळेखाली सगळी लेबलं झाकलेली, वर नुसती काचेची बुचं ओळीनं चमकत होती. प्रत्येक बुचावर शेजारी शेजारी दोन ठिपके, हळदीचा फिका आणि कुंकवाचा गडद. एका बुचावर तेवढे दोन्ही गडद. गर्दीत बाईंनी कुंकू दोनदा लावलं असेल, असं म्हणून मास्तरांनी नजर काढून घेतली.

"यात कॉस्टिकची बाटली कुठली?" त्यांनी विचारलं.

"ती नाहीच यात." उत्तर दारातून आलं. स्वतः सबनीस आत येत होते. "ते काळं रबराचं बूच दिसायला घाणेरडं. ती बाटली मी टेबलाखाली ठेवायला लावली. पूजेच्या दिवशी तिच्यावर रबराचंच बूच होतं, मी जबाबात लिहून दिलंय. नंतर ज्योतीरामनं कधीतरी काचेचं ठोकलं. रबराचं त्याच्याच ड्रॉवरमध्ये सापडलं, आणखी काय पाहिजे?"

"पण त्याला माहीत होतं की—"

"मास्तर," सबनीस हसले, "शाळेतली बाटली वेगळी आणि कारखान्यातली वेगळी. तुमच्या वर्गात पाठ म्हणवून घेतलं की झालं. इथे डोकं लागतं. या लोकांना शिकवून काय होतं ते बघितलंत ना?"

मास्तर ताडकन उठायला गेले. पण पन्नास वर्षांची सवय. त्यांनी मान खाली घातली. खाली घातलेली नजर सबनीसांच्या हातावर टाकलेल्या कोटावर गेली. पूजेच्या फोटोत घातलेला तोच लोकरी कोट. उजव्या खिशाच्या तळाशी नवा रफू होता, रुपयाएवढा गोल.

सबनीसांनी त्यांची नजर पकडली. "कसर लागली. आत्ताच रफूवाल्याकडून आणला," ते म्हणाले आणि कोट दुसऱ्या हातावर घेतला.

३

स्टोअरकीपर मुकुंद खळदकर पान चघळत बसला होता. युनियनच्या निवडणुकीत ज्योतीरामनं त्याच्याविरुद्ध प्रचार केला होता, आणि तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता, हे अख्ख्या पिंपरीला माहीत होतं.

"माझ्यावर संशय आहे का मास्तर? घ्या, खुशाल घ्या!" तो उसळला. "भांडण होतं आमचं, चांगलं चव्हाट्यावर होतं. म्हणून काय मी माणसाचे डोळे काढीन? सुटी काचेची बुचं त्या कपाटात असतात. कुलूप नाही, काही नाही. मी पूजेच्या सकाळी फाटकावर तोरणं बांधत होतो, आणि ज्योतीरामही माझ्याच शिडीखाली उभा होता. एकमेकांशी न बोलता तोरणं बांधली आम्ही, विचारा कोणालाही!"

"मग लॅबमधली मांडामांड कोणी केली?"

"मला काय ठाऊक? शेटाणीबाई येणार म्हणून सबनीससाहेबांनी दार लावून घेतलं होतं. पूजा झाली, बाईंनी त्यांना गाडीत घालून जेवायला नेलं, आणि संध्याकाळी लॅबला कुलूप लागलं ते आठवडाभर."

चित्रा ओगले ही तिथली नवी केमिस्ट. कॉस्टिकची बाटली तिनंच मागितली होती. मास्तरांनी विचारायच्या आधीच तिचे डोळे भरले.

"मीच म्हटलं त्याला, मान शेक, निघेल. गडबडीत माझंही लक्ष गेलं नाही की बूच काचेचं आहे. पूजेला मी नव्हते, नगरला गेले होते."

"रबराचं बूच कोणाला सापडलं?"

"मला. त्याला दवाखान्यात नेलं, सगळे सुन्न होऊन बसलो होतो. सबनीस सर आले आणि म्हणाले, चित्रा, तो ड्रॉवर उघडा बघू." तिनं दाराकडे पाहिलं. "लॅबमध्ये इतके ड्रॉवर आहेत. सरांनी थेट तोच दाखवला."

"हे सांगितलंत कोणाला?"

"सर माझे साहेब आहेत," ती खालमानेनं म्हणाली.

मास्तरांना स्वतःचीच खालमान आठवली आणि तिच्यावर रागावता येईना. पण ड्रॉवर दाखवणं म्हणजे पुरावा नव्हे. सबनीस म्हणतील, ज्योतीरामचा ड्रॉवर, म्हणून उघडायला सांगितला.

तिथून ते चाळीत गेले. ज्योतीराम डोळ्यांना पट्टी बांधून भिंतीकडे तोंड करून बसला होता. मास्तरांचा आवाज ऐकताच धडपडत उठला.

"आम्लाला काच, क्षाराला रबर," तो म्हणाला. "बगा, येतंय मला. पूजेच्या आदल्या दिशी म्या या हातानं रबर लावलं. पर बूच माज्याच ड्रॉवरात घावलं म्हनत्यात. मग ते तितं गेलं कसं? मीच ठिवलं आसंल. डोस्कं फिरलं आसंल माजं. देतो अंगठा, मास्तर. आता कशापायी भांडायचं?"

"नाही द्यायचा!" मास्तर ओरडले. आपण ओरडलो हे त्यांना नंतर कळलं. चाळीतल्या बाया दारात आल्या. "सोमवारपर्यंत कशालाही अंगठा लावू नकोस. मी सांगतो म्हणून!"

बाहेर पडल्यावर ते चाळीच्या कोपऱ्याशी थांबले. कशाच्या जोरावर सांगितलं आपण? हातात तर काहीच नव्हतं.

४

रविवारची दुपार. मास्तर टेबलाशी बसून त्याच त्या जबान्या उलटसुलट करत होते. बूच पूजेनंतर बदललं असेल तर ज्योतीराम गुंतला. आधी बदललं असेल तर तो फाटकावर होता, सुटला. सगळं या एका गोष्टीवर अडलेलं. आणि त्या रांगेत कॉस्टिकची बाटली होती की नव्हती, हे सांगायला कोण उरलं होतं? लेबलं झेंडूनं झाकलेली, शेटाणीबाईंना सगळ्या बाटल्या सारख्या, आणि ज्यानं रांग मांडली तो म्हणतो नव्हती.

"ऐकताय का?" वासंतीबाईंनी हाक मारली. "जरा ती वाटी द्या. लेप लावायचाय. आणि चेहरा सरळ करा, माझा पाय मोडलेला नाही, नुसता मुरगळलाय."

मास्तरांनी वाटी नेऊन दिली. वाटीत हळद होती. बाईंनी पानाच्या डब्यातला चुना बोटानं काढून तिच्यात कालवला. बघता बघता पिवळ्याची लाली झाली.

मास्तर बघत राहिले.

"काय झालं? हळद-चुना कधी बघितला नाही?"

"चुना क्षार आहे," मास्तर पुटपुटले.

"असेल बाई. लेप लावू का तुमचा वर्ग भरवू?"

"कॉस्टिकसुद्धा क्षारच. चुन्याच्या कितीतरी पट." ते वाटीवर वाकले. "अहो, बाईमाणूस पूजेत आधी काय लावतं? हळद का कुंकू?"

"हा काय प्रश्न झाला? आधी हळद. हळदीशिवाय नुसतं कुंकू कोण लावील?"

मास्तरांनी कोनाड्यातली चप्पल पायात सरकवली, एक आपली आणि एक वासंतीबाईंची. त्या ओरडल्या तेव्हा कुठे थांबले.

"फोटोतल्या बुचावरचा तो दुसरा गडद ठिपका कुंकवाचा नव्हताच," ते म्हणाले. "ती बाटली स्वतःच सांगत होती, मी कोण म्हणून. आणि मी नजर काढून घेतली!"

५

सोमवारी अर्जुनरावांच्या खोलीत टेबलावर कागद तयार होता, शेजारी शाईचा डबा. ज्योतीराम खुर्चीच्या कडेला बसला होता, त्याच्यामागे मंजुळाबाई. तोच कोट घातलेले सबनीस, खळदकर आणि चित्रा भिंतीशी. मास्तरांनी पिशवीतून हळदीची पुडी, भिंग आणि काचेचं एक बूच काढून ठेवलं.

"मास्तर, पूजा घालताय का काय?" सबनीस म्हणाले.

"पूजा तुम्ही घातलीत," मास्तर म्हणाले. "अर्जुनराव, तो फोटो खाली घ्या. हे भिंग. बुचांवरचे ठिपके बघा."

अर्जुनरावांनी फोटो उतरवला, भिंग लावलं. "एक फिका, एक गडद. फिका, गडद... या एकावर दोन्ही गडद आहेत."

"कुंकू दोनदा लागलं, आणखी काय?" सबनीस म्हणाले.

"शेटाणीबाईंनी ओळीनं सगळ्यांना हळद लावली आणि मधल्या एकाच बाटलीला विसरल्या? आणि हळदीच्या जागी बरोब्बर कुंकू ठेवलं?" मास्तर वळले. "चित्राताई, कॉस्टिकचं पाणी आणा. जपून."

चित्रानं आणलं. मास्तरांनी काचेच्या कांडीनं बुचाच्या माथ्यावर कॉस्टिकचा हात फिरवला, आणि वर हळदीचा ठिपका ठेवला. पिवळा ठिपका सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तांबडालाल झाला.

"आयला!" अर्जुनराव म्हणाले. "हा तर हळद-चुन्याचा लेप!"

"हळद सगळ्या बुचांना लागली. लाल झाली ती एकावरच. म्हणजे त्या बुचाच्या माथ्यावर कॉस्टिक होता, आणि कॉस्टिक लवकर वाळत नाही. बंद बाटलीच्या बुचावर तो वरून पाऊस पडल्यासारखा येत नाही. ओल्या बोटांनी येतो. कोणीतरी रबराचं बूच उपसलं, बोटं भिजली, त्याच बोटांनी हे काचेचं दाबून बसवलं. पूजेच्या आधी, आणि अगदी शेवटी, घाईघाईत. म्हणून बाकीची बुचं कोरडी राहिली. ही बघा तुमची कॉस्टिकची बाटली. टेबलाखाली नाही, रांगेत, शेटाणीबाईंच्या समोर! आणि तेव्हा ज्योतीराम होता फाटकावर. कोणाबरोबर, मुकुंदराव?"

"माझ्याबरोबर," खळदकर म्हणाला. "आणि त्याच्याबद्दल मी फुकट चांगलं बोलणारा नव्हे."

"मग लॅबमध्ये कोण होतं?" अर्जुनरावांनी विचारलं. आता त्यांचाही आवाज चढला होता.

मास्तरांनी भिंग फोटोतल्या सबनीसांवर आणलं. "कोटाचा उजवा खिसा बघा. आत लिंबाएवढं काहीतरी आहे. पाहुणे दारात आले, हातातलं रबराचं बूच टाकायला जागा नव्हती, ते खिशात गेलं. कॉस्टिक लोकर खातो, सबनीस, सुताला सोडतो. तुमच्या खिशाचं सुती अस्तर शाबूत आहे की नाही, बघू या. कसर लागली म्हणालात. कसरही लोकरच खाते. पण ती बुचाएवढं एकच गोल भोक पाडून बाकीच्या कोटाला तोंड न लावता जात नाही!"

सबनीसांचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. ते सगळ्यांनी पाहिलं.

"शेटाणीबाई म्हणाल्या होत्या, सगळं एकसारखं, नीटनेटकं दिसू दे," ते हळू म्हणाले. "पूजा झाली की मी परत लावणारच होतो. त्यांनी तसंच जेवायला नेलं. विसरलो मी. माणूस विसरत नाही का?"

"विसरतो!" मास्तरांनी टेबलावर मूठ मारली. शाईचा डबा उडून त्या तयार कागदावर सांडला. आयुष्यात त्यांनी टेबलावर कधी मूठ मारली नव्हती. "विसरलात त्याची माफी मागितली असतीत, तर या माणसानं ती दिलीही असती. पण याला दवाखान्यात नेत होते तेव्हा तुम्ही बूच आणून याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंत. तेव्हा काय विसरला होतात? डोळे गेले ते अपघातानं. पण तुम्ही याला स्वतःच्या स्मरणशक्तीवर थुंकायला लावलंत! आणि वर विचारता, या लोकांना शिकवून काय होतं?"

मंजुळाबाई पुढे आली. सबनीसांसमोर उभी राहिली. "तुमाला दिसतंय न्हवं?" ती म्हणाली. "मग बगा की वर. खाली काय बगताय?"

सबनीसांनी वर पाहिलं नाही.

अर्जुनरावांनी शाईनं भिजलेला कागद चिमटीत धरून कचऱ्याच्या टोपलीत टाकला. "मुकुंदा, फाटकावर निरोप दे. सबनीसांना बाहेर सोडायचं नाही. शेटना फोन लावतो आणि चौकीवरही." मग त्यांनी ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवला.

ज्योतीराम मात्र स्वतःशीच बोटं हलवत होता. "रबर लावलं व्हतं म्या," तो म्हणाला. "लावलं व्हतं."

६

घरी आल्यावर मास्तर कपडेही न बदलता टेबलाशी बसले.

"आता आणखी काय लिहिताय?" वासंतीबाईंनी विचारलं. "सगळं त्यांच्यासमोरच झालं ना?"

"तिनं पत्र लिहून विचारलं होतं," मास्तर म्हणाले. "आणि साहेबांच्या खोलीत झालेलं साहेबांच्या खोलीतच राहतं. चाळीत अजून बोलतात, यानंच स्वतःचे डोळे घालवले म्हणून. पोस्टमन तिथे पत्रं मोठ्यानं वाचतो. ओट्यावर, सगळ्यांच्या देखत."

बाई लंगडत उठल्या आणि टेबलावरचा दिवा लावून गेल्या.

मास्तरांचा राग अजून उतरला नव्हता. उतरेल असं वाटतही नव्हतं. लाल ठिपका सापडला, खोटं उघडं पडलं, आणि ज्योतीरामला मात्र आपलं नाव पाटीवर पुन्हा कधी दिसणार नव्हतं. आपण पंधरा दिवस आधी उठलो असतो तरी ते डोळे आले नसते, हे त्यांना कळत होतं, आणि त्यानं काडीचंही समाधान होत नव्हतं. पेन आज अडखळलं नाही.

'सौ. मंजुळाबाईस आशीर्वाद. तुम्ही एक शब्द मागितला होता. तो असा: नव्हती.

ज्योतीरामची चूक नव्हती. त्यानं रबराचंच बूच लावलं होतं. ते काढणारा, आणि काढून त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवणारा माणूस वेगळा होता. हे पत्र पोस्टमननं दोनदा वाचावं, दुसऱ्यांदा मोठ्यानं.

ज्योतीरामनं वर्गाला येत राहावं. बुचं हातानं ओळखता येतात. सहीसुद्धा डोळे मिटून करता येते. मी करून पाहिली. ही खाली आहे ती तशीच केलेली. वाकडी आहे, पण माझीच आहे.

सदाशिव भागवत.'

चिंचवड स्टेशनापाशी पोस्टाच्या लाल पेटीपुढे ते क्षणभर उभे राहिले. सवयीनं वाटलं, एकदा घरी जाऊन शुद्धलेखन तपासावं. मग त्यांनी पत्र आत सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत हात काढला नाही.